ज्याच्या चोचीत अळी

एका जंगलात, ओढ्याकाठच्या करवंदीच्या जाळीत, एक बुलबुलीण आपल्या नवऱ्यासोबत राहत असे. स्वभावाने भारी हळवी. कुणी काही सांगितलं की तिला ते पटायचं, आणि दुसऱ्याने नेमकं उलट सांगितलं की तेही पटायचं. मुलांनो, हसू नका. आपल्यातही अशी माणसं पुष्कळ असतात आणि ती काही वाईट नसतात. त्या उन्हाळ्यात तिच्या घरट्यात तीन पिल्लं होती, अजून डोळेही न उघडलेली.

ओढ्यापलीकडे एक उंच उंबर होता. त्याच्या शेंड्यावर एक पोपट बसत असे. समोर उभा कडा. पोपट मोठ्याने बोलला की त्याचा शब्द कड्यावर आपटून परत यायचा, आणि मग साळुंक्या तो उचलून रानभर नेत. मऊ शब्द त्या वाटेतच टाकून देत, धारदार तेवढे पोचवत. पोपटाचं म्हणणं एकच होतं, की कुणीही दुसऱ्याचा जीव घेऊन पोट भरू नये. अर्धं रान त्याच्या पाया पडायचं आणि उरलेलं अर्धं त्याच्या नावाने बोटं मोडायचं. मागच्या वर्षी ओढ्यातला डोह आटला तेव्हा बगळे खायचे नाहीत ते मासेही मारून काठावर टाकत होते. पोपटाने त्यांना असं फैलावर घेतलं, की बगळ्यांनी तो खेळ कायमचा सोडला. हे बुलबुलिणीने स्वतः पाहिलं होतं, म्हणून पोपट तिला खरा वाटायचा.

एके सकाळी रानभर एकच ओरड झाली, "ज्याच्या चोचीत अळी, तो खुनी."

नेमकी त्याच वेळी बुलबुलिणीच्या चोचीत अळी होती. हिरवी, लुसलुशीत, वळवळणारी. बिचारी फांदीवर तशीच थिजली. मग तिने अळी अलगद पानावर ठेवली आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, आजपासून पिल्लांना फक्त करवंदं."

"अगं, आपण अळ्यांवरच मोठे झालो," नवरा म्हणाला.

"तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं. आता आपण दोघं फळांवर जगतोच ना? मग पिल्लं का नाही जगणार?"

नवऱ्याने मान डोलावली. तशी तो नेहमीच डोलावत असे.

तेवढ्यात कावळा आला. त्याच्या चोचीला अंड्याचा बलक लागला होता. "वहिनी, तुम्ही कशाला मनावर घेता?" तो म्हणाला. "मी तर त्या पोपटाला चिडवायला रोज एक अंडं जास्त खातो. आज शेजारच्या होल्याच्या घरट्यातली दोन्ही खाल्ली. भूक नव्हती, पण मजा आली."

बुलबुलिणीला शिसारी आली. पोपटाचं थोडं चुकत असेलही, पण म्हणून या कावळ्याला बरोबर म्हणायचं, तर तिची जीभ रेटेना. आता दोघांपैकी एक बरोबर असणार, असं तिने गृहीतच धरलं होतं. तिने पोपटाची बाजू घेतली आणि करवंदं आणायला गेली.

पिल्लं चोची उघडायची, रस गिळायची आणि तरी ओरडत राहायची. तिसऱ्या दिवशी ओरडणं कमी झालं, तेव्हा तिला वाटलं, चला, पोट भरलं. चौथ्या दिवशी धाकट्याने मान उचलली नाही.

अळी द्यावी तर आपण खुनी, आणि न द्यावी तर... पुढचा विचार तिने केलाच नाही. ती सरळ उंबराकडे उडाली.

भर दुपार होती. साळुंक्या सावलीला पेंगत होत्या. पोपट एकटाच पंजात उंबराचं फळ धरून बसला होता.

"पोपटदादा, माझी पिल्लं जगत नाहीत," ती म्हणाली. "मी त्यांना अळी देऊ का?"

"पिल्लांना?" पोपट दचकला. "अगं, ज्याला फळं पुरतात त्याने जीव घेऊ नये, असं म्हणालो होतो मी."

"'पुरतात' हे काही आमच्यापर्यंत आलं नाही."

"पहिल्या दिवशी म्हणालो होतो गं. पण तेवढं कड्यावरून परत येईना. मग म्हणायचं सोडून दिलं." पोपट ओशाळला. "तुझ्या पिल्लांना काय लागतं, मला खरंच ठाऊक नाही. माझी फळांवरच वाढली."

असं म्हणून त्याने उगीच काहीतरी करायचं म्हणून फळ फोडलं. आतून बारीक बारीक किडे निघाले. काही उडाले, काही त्याच्या पंजावरून चालू लागले. पोपट त्यांच्याकडे पाहतच राहिला. तो नेहमी बोलता बोलता खायचा, तोंड कड्याकडे करून. उंबर उघडून असा त्याने जन्मात पाहिला नव्हता.

"हे रोजच असतात का?" त्याने हळूच विचारलं.

"रोजच असतात, दादा," बुलबुलीण म्हणाली. त्याला हे माहीत असेल असंच तिला वाटत आलं होतं.

पण तिला थांबायला वेळ नव्हता. वाटेत तिने एक अळी उचलली. हिलाही जीव आहे, हे आता तिला विसरता येईना, आणि तरी तिने ती उचलली. घरट्यात दोन चोची उघडल्या. तिसरी उघडली नाही. तिने पुन्हा जाऊन दुसरी अळी आणली, आणि ती धाकट्याच्या चोचीशी धरून कितीतरी वेळ बसली. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, राहू दे आता."

ती खूप रडली. राग कुणावर काढावा तेही तिला कळेना. पोपटावर, साळुंक्यांवर, की आपल्याच कानांवर?

दुसऱ्या सकाळी पोपट शेंड्यावर बसला आणि म्हणाला, "मी अर्धंच सांगत आलो. पिल्लाला काय लागतं, ते त्याच्या आईने बघावं. माझं चुकलं." त्याचा आवाज इतका खाली आला होता, की कड्यावरून काहीच परत आलं नाही. साळुंक्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि त्या कावळ्याकडे उडून गेल्या. तिकडे तो मोठमोठ्याने पोपटाला शिव्या घालत होता.

बुलबुलिणीने मात्र ओढ्याकाठून ते सगळं ऐकलं. ओढ्यापासून लांब, एका झुडपात फुलांतला मध पिणारी एक शिंजीर राहत असे. तिच्या घरट्यातही पिल्लं होती, आणि चार दिवस तीही त्यांना नुसता मध पाजत होती. बुलबुलीण घाईघाईने तिच्याकडे गेली.

"बाई गं, त्यांना किडे आणून दे. नुसत्या मधावर ती जगायची नाहीत."

"पण पोपट तर म्हणतो, चोचीत अळी तो खुनी."

"आणि आज सकाळी तो काय म्हणाला, ते ऐकलंस ना?"

"आज?" शिंजीर गोंधळून म्हणाली. "आज तर तो काहीच बोलला नाही."

तात्पर्य : दया शिकवणाऱ्याने आधी आपल्या पंजातलं फळ उघडून पाहावं, आणि ऐकणाऱ्याने आधी आपल्या पिल्लाची चोच पाहावी. ओरडून सांगितलेलं रानभर आपोआप जातं, 'माझं चुकलं' हे मात्र घरोघरी जाऊन सांगावं लागतं.