केरबाची संगणकसेवा

रामलिंगाच्या डोंगराखाली देवखोरे नावाचे एक गाव होते, आणि त्या गावाच्या देवळात केरबा नावाचा एक भोळा सेवेकरी होता. वय चाळीस, मिशा भरघोस, भक्ती अपार. सांगितलेले काम तो तंतोतंत करी. गावाला भीती वाटे ती नेमकी याच गोष्टीची.

देवळाची व्यवस्था गंगाधरपंतांकडे होती. गावचे सत्पुरुष तुळाजीबुवा यांनी दोनशे वर्षांपूर्वी रामलिंगाची पदे रचली. उत्सवाच्या संध्याकाळी पालखीपुढे ती पदे म्हणायची, त्याशिवाय पालखी हलवायची नाही, हा नेम एकाही वर्षी चुकला नव्हता. मूळ पोथीला वाळवी लागली तेव्हा पंतांनी तीन वर्षे खपून, एका बोटाने, काना-मात्रा शोधत, ती देवळातल्या संगणकावर उतरवली. मग उरलेली पोथी वाळवीने निवांत संपवली. पदे पोथीत पाहूनच म्हटली जात; कोणाला पाठ असल्याचे ऐकिवात नव्हते. आता बुवांची वाणी साऱ्या त्रिभुवनात एकाच ठिकाणी होती. त्या संगणकात.

संगणक चालवायला त्यावर लिनक्स होते. ते फुकट मिळते, आणि देवस्थानाला फुकटाचे वावडे नसते.

उत्सव शुक्रवारी होता. सोमवारी सकाळी पडद्यावर विचारणा आली: अपडेट करायचे का? पंतांनी संमती दिली आणि ते संध्येला बसले.

पंतांचा केरबाला कायमचा हुकूम होता, "देवळाबाहेर पडताना चालू असेल ते सगळं बंद करायचं." केरबाला फुले आणायला जायचे होते. त्याने दिवा बंद केला. पंखा बंद केला. अपडेट बंद केले.

पंत संध्या आटोपून आले. संगणक लावला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या. पंतांनी तीन वेळा बंद करून लावला. चौथ्या वेळी नमस्कार करून लावला. ओळी चारच राहिल्या.

तालुक्याला शाल्मली नावाची गावचीच मुलगी संगणक दुरुस्त करी. पंतांनी तिला फोन लावला.

"काका, अपडेट अर्ध्यात तुटलं. जुनं उचललं गेलं, नवं नीट बसलं नाही. मध्येच बंद कोणी केलं?"

"आमचं रत्न उभं आहे इथं."

"द्या त्यांना. केरबादादा, एक लक्षात ठेवा. काम चालू असलं की मध्ये हात घालायचा नाही. आपोआप थांबेपर्यंत नुसतं बघत बसायचं."

"समजलं, ताई. ही चूक पुन्हा होणार नाही."

ती चूक पुन्हा झाली नाही. दुसरी झाली.

त्याच दुपारी पंतांच्या पत्नी, राधाकाकू, नैवेद्याची खीर चुलीवर ठेवून तुळशीला पाणी घालायला गेल्या. जाताना म्हणाल्या, "केरबा, खिरीकडे बघ रे." केरबा बघत बसला. खीर उकळली. खीर वर आली. खीर पातेल्याबाहेर निघाली, चुलीत उतरली, चूल विझली. केरबाने सगळे एकाग्रतेने पाहिले.

"अरे मेल्या, बघत काय बसलास?" काकू ओरडल्या.

"काम चालू होतं, काकू. आता आपोआप थांबलंय."

काकूंनी कपाळावर हात मारला. "नीट ऐक. काही वर चढताना दिसलं की एक क्षण थांबायचं नाही. झटकन खाली उतरवायचं आणि गार पाण्याचा हबका मारायचा."

"समजलं, काकू. ही चूक पुन्हा होणार नाही."

मंगळवारी शाल्मलीने फोनवरून पंतांकडून एक आज्ञा लिहवून घेतली. संगणक आपली डिस्क स्वतःच तपासू लागला. पडद्यावर टक्के दिसू लागले. तासाभरात ऐंशी झाले. पंतांचा जीव भांड्यात पडला आणि ते पाणी प्यायला उठले.

केरबा पडद्यासमोर होता. नव्वद झाले. पंच्याण्णव झाले. अठ्ठ्याण्णव झाले. वर चढत होते, यात शंका नव्हती.

केरबाने संगणक झटकन उचलून जमिनीवर ठेवला. तार निसटली. पडदा काळा झाला. मग त्याने तांब्यातल्या पाण्याचा हबका मारला. रामलिंगाची कृपा एवढीच, की पंत त्याच क्षणी धावत मध्ये आले. पाणी सगळे पंतांवर पडले.

पंतांनी धोतर पिळत फोन स्पीकरवर लावला.

"काका, पुन्हा लावा. लिनक्सच्या गाभ्यांची एक यादी येईल. वरचा नवा आहे, तो नुसता गप्प उभा राहील. त्याची वाट बघू नका. खालचा जुना निवडा. जुन्याला काम माहीत असतं."

त्यांनी जुना निवडला. जुना थोडा पुढे आला, धापा टाकल्यासारखा आवाज करू लागला आणि थांबला.

"राहू दे. गुरुवारी मीच येते," शाल्मली म्हणाली.

केरबाने मात्र शिकवण गाठीला बांधली. नवा गप्प उभा राहिला तर वाट बघायची नाही.

बुधवारी उत्सवाचे पहिले कीर्तन होते. परगावचे नवे कीर्तनकार, देवदत्तबुवा, उपरणे सावरून उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले. हात जोडले. इष्टदेवतेचे स्मरण करीत ते स्तब्ध झाले. सभा शांत झाली.

केरबाने मनात दहा अंक मोजले. नवा काही सुरू होईना. तो उठला आणि चार गड्यांना घेऊन विठूबुवांच्या घरी गेला. विठूबुवा गावचे जुने कीर्तनकार. वय सत्त्याऐंशी, कानांनी बहिरे. बारा वर्षांपूर्वी कीर्तन चालू असतानाच आवाज बसला, तेव्हापासून ते घरीच होते. केरबाने त्यांना बाजेसकट उचलून आणले. देवदत्तबुवांचा हात धरून त्यांना खाली बसवले आणि त्यांच्या जागी बाज ठेवली.

"अहो, हे काय चाललंय?" देवदत्तबुवांनी डोळे उघडले.

"तुम्ही सुरू होत नव्हता, महाराज. म्हणून जुने लावले."

जुने लगेच सुरू झाले. बारा वर्षांपूर्वी जे वाक्य अर्धे राहिले होते, ते विठूबुवांनी तिथून पुढे पूर्ण केले, आणि मग दोन तास ते कोणाला आवरले नाहीत.

देवदत्तबुवा सात्त्विक होते. ते केरबाला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबा रे, मौन धरून असलेल्यापुढे हात जोडून बसावं. त्याला हलवू नये. त्याने काही विचारलं, तर नम्रपणे होकार द्यावा. एवढंच सेवकाचं काम."

"समजलं, महाराज. ही चूक पुन्हा होणार नाही."

गुरुवारी शाल्मली आली. तिने आपल्या पेन ड्राइव्हवरून संगणक चालू केला. तो चालू झाला! आत पोथी दिसली. शेवटच्या पदापर्यंत शाबूत होती. पंतांच्या डोळ्यांत पाणी आले. "बुवांनी तारलं," ते म्हणाले.

शाल्मलीने आधी पोथी दुसऱ्या एका पेन ड्राइव्हमध्ये उतरवून घेतली आणि तो कमरेच्या पिशवीत ठेवला. मग लिनक्स नव्याने बसवायची तयारी केली, आणि राधाकाकूंनी हाक मारली म्हणून ती आणि पंत चहाला गेले.

पडदा मौन धरून होता. केरबा हात जोडून त्यापुढे बसला. थोड्या वेळाने पडद्याने विचारले: डिस्कवरील सर्व काही कायमचे पुसून टाकायचे का?

केरबाने नम्रपणे होकार दिला.

पडद्याने पुन्हा विचारले: नक्की?

"होय, महाराज," म्हणत केरबाने दुसऱ्यांदा होकार दिला.

चहा घेऊन सगळे परतले तेव्हा संगणक आरशासारखा लख्ख होता. आत काहीही नव्हते. पंत मटकन खाली बसले.

"काका, घाबरू नका. पोथी माझ्याकडे आहे. संगणक उद्यापर्यंत तयार होईल, मग परत आत उतरवू." शाल्मलीने तो बोटाएवढा पेन ड्राइव्ह काढून पंतांच्या हातावर ठेवला. केरबाकडे वळून ती म्हणाली, "आणि केरबादादा, पाया पडते तुमच्या. जे पुसून जाईल त्याला हात लावत जाऊ नका."

"समजलं, ताई."

पंतांनी पेन ड्राइव्ह कपाळाला लावला. "केरबा, बुवांची पोथी आता याच्यात आहे. उद्या संध्याकाळी लागेल. तोवर देवापुढे ठेव. पोथीचा मान याला दे."

शुक्रवार उजाडला. केरबाने पेन ड्राइव्ह हाती घेतला. त्यावर बारीक अक्षरे होती. ती त्याने ओल्या फडक्याने घासून पाहिली. पुसली गेली नाहीत. म्हणजे हात लावायला हरकत नव्हती. केरबाने विचार केला: कागदाची होती म्हणून दोनशे वर्षे पोथीला कधी न्हाऊ घालता आले नाही. आता आली आहे चांगली भक्कम होऊन.

त्याने तिला ताम्हनात ठेवले. दूध, दही, तूप, मध, साखर. अकरा आवर्तने.

संध्याकाळी पालखी सजली. मृदंग लागला. केरबाने सर्वांना तीर्थ वाटले. पंतांनी तीन पळ्या घेतल्या आणि तृप्तीने म्हणाले, "तीर्थ आज विशेष गोड आहे. आण आता पोथी."

केरबाने ताम्हन पुढे केले.

शाल्मलीने पेन ड्राइव्ह उचलला. त्यातून मधाची तार लोंबली. तिने तो पुसला, झटकला, संगणकाला लावला. संगणक उत्तम चालू झाला होता. पेन ड्राइव्ह मात्र दह्यात होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "पोथी गेली."

पालखी उचलायला उभे असलेले भोई एकमेकांकडे पाहू लागले. दोनशे वर्षांचा नेम त्या चार खांद्यांपाशी येऊन अडला होता.

केरबाने विचारले, "पंत, पदंच म्हणायची आहेत ना? मला येतात."

"तुला?"

"तुम्ही एकेक ओळ मोठ्याने म्हणत टंकायचात. मी तीन वर्षं शेजारी बसून वारा घालत होतो. सगळं पाठ आहे."

त्याने दोन चरण म्हणून दाखवले. अचूक होते. पंतांनी त्याला मिठी मारली. मग त्याचे दोन्ही खांदे धरून ते म्हणाले, "केरबा, आजवर तू दर वेळी आपली अक्कल चालवलीस. आज चालवू नकोस. माझ्या तोंडून जे ऐकलंस, ते जसंच्या तसं म्हण. काही गाळायचं नाही." आणि गावाकडे वळून त्यांनी सांगितले, "केरबा म्हणेल ते सगळ्यांनी मागून म्हणायचं."

केरबाने डोळे मिटले. आवाज लावला.

"तेलवात सरे, उजेड न सरे । तुझे पाय बरे, रामलिंगा ॥"

गावाने टाळांच्या गजरात चरण उचलला. भोयांनी पालखी खांद्यावर घेतली. पंतांचे अंग शहारले. केरबा त्याच चालीत पुढे म्हणाला,

"हा काना मेला कुठे गेला । चष्मा सापडेना, रामलिंगा ॥"

गावाने तेही उचलले. जुन्या वाणीचा अर्थ आपल्याला लगेच कळेलच असे नाही, हे गाव जाणून होते. केरबाची समाधी आता पुरती लागली होती.

"सरपंचाला यातलं ओ की ठो कळेना । सांगू नको त्याला, रामलिंगा ॥"

पहिल्या रांगेत सरपंच होते. त्यांचा आवाज गावात सर्वांत मोठा. त्यांनी हात उंचावून, डोळे मिटून, तो चरण दोनदा घोळवला.

पंत गर्दीतून वाट काढत धावले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "अरे गाढवा, थांब!"

केरबाला ते पंतांच्याच तोंडून ऐकू आले. त्याने काहीही गाळले नाही. सूर थोडा चढवून त्याने चरण घेतला, आणि टाळमृदंगाच्या घोषात साऱ्या देवखोऱ्याने रामलिंगाकडे तोंड करून, हात जोडून, एका सुरात म्हटले,

"अरे गाढवा, थांब!"