रिकामी भिंगरी

यंत्रंही एकमेकांशी भांडत, त्या काळची गोष्ट. एका बर्फाळ घाटात मीठ पसरणारा ट्रक होता. त्याच्या पाठीवर मिठाचा म्हातारा हौद आणि शेपटीशी भिंगरी नावाची तरुण चकती. हौदातलं मीठ साखळीवरून भिंगरीवर पडे, ती गरगर फिरून ते रस्त्यावर उधळी, बर्फ वितळे आणि वरच्या गावाची बस हॉर्न वाजवत घाट चढे. त्या हॉर्नसाठी भिंगरी जगत होती.

हिवाळा सरला. ड्रायव्हर हौद धुवायला पाण्याची नळी घेऊन आला, पण हौदाने झडप घट्ट मिटून घेतली.

"आजोबा, उघडा!" भिंगरी म्हणाली. "उरलेलं मीठ ओल धरेल, दगड होईल. साखळी गंजेल."

"बारा हिवाळे काढलेत मी. कालची पोर मला मीठ शिकवते! भरलं पोट कुणी रिकामं करतं का?"

झडप ओढून ओढून ड्रायव्हर दमला आणि निघून गेला.

उन्हाळाभर, पावसाळाभर भिंगरी शेडच्या फटीतून घाटाकडे बघत राहिली. ढग खाली उतरला की तिला बर्फच वाटे.

अखेर बर्फ पडला. घाटात पोचताच भिंगरी जीव खाऊन फिरू लागली. वरून एक कणही आला नाही. आत मिठाचा दगड झाला होता आणि साखळी त्यात रुतून बसली होती. मागे चढाच्या तोंडाशी बस हॉर्न वाजवत थांबली होती.

बऱ्याच वेळाने हौद हळूच म्हणाला, "भिंगरे, फिरतेस का गं अजून?"

"फिरतेय, आजोबा. तुमचं पोट भरलेलं आहे ना? मग झालं."

बस माघारी वळली. उतारावर तिचा हॉर्न बारीक होत गेला, आणि भिंगरी तो ऐकत रिकामीच फिरत राहिली.