ढालीवरचा मोर

बाळांनो, आणि बाळांच्या आडून ऐकणाऱ्या आजोबांनो, ही गोष्ट फार फार पूर्वीची. एका नगरात धातूत धातू जडवणारी एक कारागीर बाई राहत असे. पोलादात छिन्नीने खाच कोरायची, खाचेत चांदीची तार ठेवायची आणि हातोडीने ठोकून बसवायची, हे तिचे काम. खाच ती तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरी. त्यामुळे एकदा आत पसरलेली चांदी पुन्हा बाहेर निघत नसे. याचा तिला भारी अभिमान होता, आणि का नसावा?

तरुणपणी तिने राजाच्या ढालीवर मोर जडवला होता. पुढे तो राजा लढाईत हरला. नवा राजा गादीवर बसला आणि त्याने बाईला दरबारात बोलावले.

"हा मोर काढ आणि इथं माझा सिंह बसव," तो म्हणाला. "मिरवणुकीत ही ढाल माझ्या हाती हवी."

"महाराज, मोर बसवताना तो काढायचा कसा, याचा मी विचारच केला नव्हता," बाई म्हणाली. "चांदी उकरली तरी खाचा राहतील, मोर दिसतच राहील. खाचा जाईपर्यंत घासलं, तर ढाल पापडासारखी पातळ होईल. सिंह मात्र मी आनंदानं जडवीन. मोराशेजारी जागा आहे."

"हरलेल्याच्या शेजारी मी बसू?" राजाचा पारा चढला. "घ्या हिची हत्यारं काढून! आजपासून हिनं या नगरात काम करायचं नाही."

जिच्यावर आयुष्य गेले ती हातोडी शिपायाने उचलून नेली. बाईला रडू आले, पण तिने मान खाली घातली नाही. आपले चांगले काम आपल्याच हाताने बिघडवण्यापेक्षा रिकामे हात बरे, असे तिला वाटले.

दरबारच्या सोनाराने लगेच होकार भरला. त्याने सोन्याच्या पत्र्याचा सिंह कापला आणि लाखेने मोरावर चिकटवून दिला. राजा खूश झाला.

मिरवणूक भर दुपारी निघाली. ऊन मी म्हणत होते. राजा ढाल घेऊन ऐटीत चालत होता. ढाल तापली, लाख मऊ झाली आणि भर चौकात सिंह घसरत घसरत राजाच्या पायाशी पडला. ढालीवर मोर होता तसा चमकत होता. हसायची कोणाची छाती झाली नाही. पण पदराआड आणि पागोट्याआड एकाएकी बऱ्याच जणांना खोकला आला.

गर्दीत बाई उभी होती. मोर पाहून तिचा ऊर भरून आला. राजाची नजर तिच्यावर गेली. त्याने वाकून पायाशी पडलेला सिंह उचलला.

"बाई," तो म्हणाला, "तुझी हत्यारं परत घे. माझा सिंह बसव. मोराशेजारीच बसव, पण असाच पक्का."

"दुसरं मला येतच नाही, महाराज," बाई म्हणाली.

पुढे ती बाई गेली, तो राजाही गेला. तिसरा राजा आला. त्याने ढाल हातात घेतली, मोर पाहिला, सिंह पाहिला आणि मुकाट्याने तो ढालीवर मोकळी जागा शोधू लागला.

ध्यानात ठेवायचे ते एवढेच: काम असे करावे, की ते पुसायला आलेल्यालाही त्याच्या शेजारी जागा मागावी लागेल.