खोडातली काळी भिंत

त्या राज्यात ऊन पोचत नसे. जमिनीवर आडवे पडलेले एक जुने खोड, एवढाच त्याचा विस्तार. लाकूड हेच तिथले अन्न आणि लाकूड हेच घर. जो जेवत असे तो आपलेच घर थोडे थोडे संपवत असे, आणि याचे कुणाला फारसे वाईट वाटत नसे.

खोडात आधी आली ती करडी. ती बुरशी होती, राखेच्या रंगाची, संथ स्वभावाची. मुळाकडच्या टोकातून ती आत शिरली आणि तंतू पसरत, पोचेल तिथले लाकूड मऊ करून खात राहिली. तिला एकच हौस होती. पोटभर खाऊन झाले की सालीबाहेर एक छत्री उभारायची आणि तिच्याखालून आपल्या बीजांची धूळ वाऱ्यावर सोडून द्यायची. त्यानंतर आपण संपलो तरी चालेल, असे तिला वाटे.

पुढे शेंड्याकडून, मोडलेल्या फांदीच्या जागेतून, केशर आली. तीही बुरशीच, वयाने लहान, रंगाने पिवळीधमक. खोडाच्या मध्यावर दोघींचे तंतू एकमेकींना लागले.

“कोण आहे?” करडीने विचारले.

“मी केशर. वरच्या अंगाला उतरलेय. तुमची काही हरकत नाही ना, बाई?”

“खोड मोठं आहे. तू तिकडे खा, मी इकडे खाते.”

बोलणे एवढेच झाले, आणि दोघींच्याही मनात तेव्हा काही वाकडे नव्हते. पण बुरशीचे खाणे असे, की आधी तंतूच्या टोकातून रस सोडायचा आणि लाकूड विरघळले की ते शोषून घ्यायचे. मध्यावर दोघींचे रस मिसळले. करडीचे काही तंतू तिथे वाळून गेले. केशरचेही गेले. आपले किती गेले ते प्रत्येकीला दिसले.

करडीने भिंत घातली. भिंतीसाठी बाहेरून काही आणता येत नसे. आपलेच तंतू एकमेकांना चिकटवायचे, जाड करायचे, काळे होऊ द्यायचे. काळा झालेला तंतू टणक होई, पण त्याला खाता येत नसे; मागच्या तंतूंनी त्याला भरवावे लागे. करडीचा थर उभा राहिलेला पाहून केशरने आपल्या बाजूने दुसरा उभारला. तो करडीला आपल्यापेक्षा जाड वाटला. तिने आणखी तंतू पाठवले.

असे ऋतूमागून ऋतू गेले. बाहेर साल ओलावली की छत्री उभारायची वेळ येई. मागचे तंतू विचारत, “यंदा?” आणि करडी म्हणे, “यंदा नको. भिंतीचा खालचा भाग भुसभुशीत झालाय. तेवढं होऊ दे.” मागच्यांनी मिळवलेला घास भिंतीकडे जाई. मागचेही हळूहळू कमी झाले, कारण राखणीला माणसे लागतात तसे भिंतीला तंतू लागत, आणि ते मागूनच येत.

दोघींना आता भांडायचाही कंटाळा आला होता. भिंतीत एका ठिकाणी गाठ होती. तिथून आवाज जाई.

“जागी आहेस का?” करडी विचारी.

“जागीच असते मी. तुम्ही?”

“मीही.”

“छत्री उभारलीत का या खेपेला?”

“नाही जमलं. तू?”

“मलाही नाही,” केशर म्हणे. आपली नड पलीकडचीलाच नीट कळते, हे करडीच्या ध्यानात आले होते. ती तेवढे ऐकून घेई आणि गाठीपाशी आणखी एक थर चढवी.

मग मुळाकडून आणखी एक बुरशी आली, हिरवी. तिचा माग कुणाला लागला नाही, कारण त्या बाजूला पाहायला कुणी उरले नव्हते. एक मागचा तंतू कसाबसा निरोप घेऊन पोचला.

“मागून काहीतरी येतंय. हिरवं आहे.”

“लाकूड खाईल थोडं. खाऊ दे.”

“ते लाकूड खात नाहीये,” तंतू म्हणाला. “ते आपल्याला खातंय. आपल्याभोवती वेटोळी घालतं आणि आतलं ओढून घेतं.”

करडीने भिंतीतल्या तंतूंना मागे वळायला सांगितले. ते वळले नाहीत. रागाने किंवा हट्टाने नाही. त्यांना वळताच येत नव्हते. ज्यांच्यात अजून थोडा लवचीकपणा होता, असे मूठभरच निघाले. तेवढ्यांचा हिरवीपुढे टिकाव लागणार नव्हता. एकच वाट उरली होती, आणि ती पलीकडे जात होती.

करडी गाठीपाशी आली. “केशर, माझ्या मागे हिरवी लागलीय. मला तिकडे येऊ देशील?”

केशर म्हणाली, “या ना, ताई. पण भिंत तुम्हालाच फोडावी लागेल. माझ्यात जोर नाही.”

ताई हा शब्द तिने पहिल्यांदाच वापरला होता. करडीला त्याचीच शंका आली. आपण भिंत पाडायची आणि हिने तयार बसलेले असायचे, असे तर नाही? ती थांबली. ती थांबली तेवढ्यात हिरवीने मुळाकडचा भाग पुरता गिळला. आता शंका घेण्यापुरतीही जागा मागे राहिली नाही, तेव्हा करडीने उरलेले तंतू गाठीवर घातले, आपलाच थर आपल्याच रसाने विरघळवला, मग केशरचा, आणि पलीकडे पाऊल टाकले.

कुणी अडवले नाही. केशर सगळीच्या सगळी त्या भिंतीत होती. तिच्या पाठीमागे तिचे असे काहीही नव्हते. होते ते लाकूड. शेंड्यापर्यंत पसरलेले, पांढरेशुभ्र, घट्ट, तिची येतानाची एक बारीक वाट सोडली तर कुणी तोंड न लावलेले. त्याचा गोड वास करडीला इतक्या काळात कधी आला नव्हता.

“अगं, हे सगळं तसंच?” तिने विचारले.

“म्हटलं, आधी भिंत नीट होऊ दे,” केशर म्हणाली. “मग निवांत खाईन. आता माझ्याने हलवत नाही. तुम्ही खा, ताई. दोन घास खा आणि छत्री उभारा. एकीची तरी होऊ दे.”

करडीने आपले तंतू पुढे पाठवले. ते त्या पांढऱ्या लाकडापर्यंत पोचले, त्याला टेकले आणि थांबले.

“गोड आहे ना?” केशरने विचारले.

तंतूंनी रस सोडला नाही. ते एकेक करून शेजारी शेजारी उभे राहिले, एकमेकांना चिकटले, आणि टोकांपासून काळे पडू लागले.