ऊर्फची चौकट

एकदा एक वृद्ध सुभेदार काठी टेकीत आपल्या जुन्या पलटणीच्या दप्तरात आला. निवृत्त होईपर्यंत तीस वर्षे त्याने तिथे जवानांच्या नोंदी ठेवल्या होत्या. कोण केव्हा भरती झाला, कुणाचे लग्न झाले, कोण कुठल्या चौकीवर आहे, सगळे त्याच्या हातचे. त्याला बोलावणारा त्याचाच शिष्य होता, आता दप्तराचा मुख्य कारकून. वरून हुकूम आला होता की सगळी रजिस्टरे संगणकात भरा. शिष्याने वर्षभर खपून ती भरली. पूर्वी रजा मंजूर व्हायला महिना लागे. आता सकाळी अर्ज, दुपारी हुकूम. पलटण खूश होती. चांगल्याला चांगलेच म्हणावे.

पण त्याच यंत्राने एके दिवशी नाईक तुळशीदास खोपडे याच्या नावापुढे लाल खूण केली. का? तर म्हणे त्याला दोन बायका आहेत! एक रेश्मा, दुसरी गौतमी. फौजेत पहिली असताना दुसरी केली तर नोकरीवर गदा येते. खोपडेची हवालदारकी आठवड्यावर आली होती, ती अडकली आणि हातात नोटीस पडली: आठ दिवसांत खुलासा द्या, नाहीतर घरचा रस्ता धरा.

खोपडे बर्फात आणि गोळीबारात न डगमगलेला गडी. कागदापुढे मात्र त्याची दातखीळ बसली. हे निस्तरायलाच शिष्याने सुभेदाराला बोलावले होते. तेवढ्यात खोपडेला पुढे घालून त्याची बायको सरळ दप्तरात येऊन उभी राहिली.

"बाबूसाहेब, कुठाय ती दुसरी? दाखवा तरी. निदान धुणंभांडं तिच्या अंगावर टाकते."

"वहिनी, ही चेष्टा नाही. यंत्रात दोन नावं आहेत."

"दोन्ही माझीच! माहेरची रेश्मा, आणि लग्नात ह्यांनी गौतमी ठेवलं. तुमच्या आईचं नाव नव्हतं का बदललं लग्नात?"

बदलले होते. शिष्य खाली बघू लागला. मग सुभेदाराकडे वळून म्हणाला, "आबा, माझंच चुकलं. हे यंत्रच नको. उद्यापासून पुन्हा रजिस्टरं काढतो."

"गप! आपली चूक त्या पेटीच्या माथी मारतोस होय? जा, लंगरमधून ताटभर तांदूळ आण."

शिष्याला वाटले, म्हातारा एकतर भुकेला आहे नाहीतर भ्रमिष्ट झाला आहे. पण गुरूची आज्ञा. तो पलटणीच्या स्वयंपाकघरातून ताट घेऊन आला. सुभेदाराने गौतमीकडून तिची अंगठी मागून घेतली, ती शिष्याच्या हाती दिली आणि तांदळावर लिहायला लावले: रेश्मा. मग ताट हलवून तांदूळ सपाट केले. "आता लिही, गौतमी." शिष्याने लिहिले. खोपडे कानापर्यंत लाजला. लग्नात त्यानेही असेच ताटात लिहिले होते.

"तांदूळ वाढले का रे?"

"नाही, आबा."

"बदलले?"

"नाही. तेच आहेत."

"मग यंत्राला दोन बायका कुठून दिसल्या? तू त्याला अक्षरं दाखवलीस, तांदूळ दाखवलेच नाहीस. माझ्या रजिस्टरात काय लिहिलं होतं?"

शिष्याने जुने पान उघडले. तिथे सुभेदाराच्याच वळणदार अक्षरात होते: रेश्मा ऊर्फ गौतमी.

"ऊर्फ कुठे गेला?"

"यंत्रात त्याला चौकट नव्हती, आबा. म्हणून तो गाळला आणि दोन नावं दोन ओळींत भरली."

सुभेदार म्हणाला, "लेका, घर बदललं तरी बाई तीच, हे सांगणारा तो एवढा एकच शब्द होता. यंत्र खोटं बोलत नाही, जेवढं ऐकतं तेवढंच बोलतं. आणि माझ्या रजिस्टराची आरती ओवाळू नकोस. त्यातली एक चूक निस्तरायला तीन-तीन वर्षं जायची, तोवर जवान निवृत्त होऊन गावी पोचलेला असायचा. रजिस्टर काढू नकोस, चौकट काढ."

शिष्याने ताठ मानेने वरच्या कचेरीला कळवले, चूक माझी आहे आणि दुरुस्तीही माझीच. तिसऱ्या दिवशी यंत्रात 'ऊर्फ' साठी चौकट आली. गाळलेले ऊर्फ त्यात भरून त्याने कळ दाबली. कपातला चहा निवायच्या आत खोपडेची लाल खूण पुसली गेली, आणि त्याच्यामागे ज्यांना नोटिसा निघायच्या होत्या त्या आणखी एक्केचाळीस जवानांच्याही! जे काम रजिस्टरात एका जन्मात झाले नसते, ते एका चहात झाले.

शिष्य पाया पडायला वाकला. सुभेदार म्हणाला, "पाया नको पडूस, खुर्ची दे. ही कळ कशी दाबतात ते मला शिकव."

नवे जरूर आणावे, झडझडून आणावे. पण ज्यांची नावे भरायची त्यांच्या घरची रीत आधी विचारून घ्यावी.

आठव्या दिवशी, जो दिवस नोटिशीत खुलाशाचा होता, त्याच दिवशी खोपडेच्या बाहीवर हवालदाराची तिसरी फीत चढली. कवायतीच्या मैदानातून परतताना गौतमी साऱ्या बायकांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सरकारनं ह्यांना दोन बायका दिल्या होत्या गं! दोघींना मी एकटी पुरून उरले!"