थंडी न कळणारी गाडी

निफाडकडच्या एका गावात पुंजाराम नावाचा भोळा माणूस राहायचा. इतका भोळा, की सांगितलेलं सगळं करायचा, आणि तेवढंच करायचा.

त्याच्याकडे एक जुनी इंजेक्टरवाली पेट्रोल गाडी होती. दुपारी अगदी गुणाची, पण थंडीतल्या पहाटे अडून बसायची. त्यात धाकट्या भावाचं, सोपानचं, लग्न तोंडावर आलेलं. मुहूर्त सकाळचा, आणि नवरदेवाला न्यायचं याच गाडीतून. नवरीचे वडील त्र्यंबकतात्या वेळेचे कडक. मुहूर्त टळला तर लग्न मोडलं समजा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पुंजारामाचा भावावर भारी जीव. त्याला झोप लागेना.

तो शब्बीर मेस्त्रीकडे गेला. मेस्त्रीने बॉनेट उघडून पाहिलं. म्हणाला, सेन्सर गेलाय, इंजिनाला थंडी कळतच नाही, म्हणून गार असताना त्याला पेट्रोल कमी पडतं. नवा सेन्सर मागवावा लागेल.

मागवायचा कशाला? पुंजारामाने पहाटे बॉनेट उघडलं आणि रांजणातलं गार पाणी बादलीभर इंजिनावर ओतलं. तरी कळेना, म्हणून आणखी एक बादली ओतली.

मेस्त्रीने कपाळावर हात मारला. प्लग काढून वाळवले आणि समजावलं, की ओल असली तर गाडी सुरू व्हायची नाही. ओलं दिसलं की पुसून कोरडं करायचं.

पुंजारामाने घरी येऊन गाडीभर ओल शोधली. पेट्रोलच्या टाकीत काडी घातली, तर ती ओलीचिंब निघाली. त्याने नळी लावून टाकी रिकामी केली. वर तारेला फडकं गुंडाळून आतून पुसूनही घेतली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मेस्त्री स्वतःच आला. नवा सेन्सर बसवला, टाकी भरली. बॅटरी तेवढी अशक्त होती.

"पुंजाभाऊ," तो हात जोडून म्हणाला, "सकाळी एकदा सुरू झाली की बंद करू नका. कुणासाठी थांबू नका. सरळ मांडवापाशी जा."

सकाळी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. पुंजारामाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो निघाला तो थेट मांडवापाशी. मुहूर्ताला अजून वेळ होता. तात्या खूश झाले. बँड सुरू झाला. सुवासिनी आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या आणि कुणीतरी मागचं दार उघडलं.

सीटवर फेटा होता. फेट्याखाली कुणी नव्हतं.

"पाहुणे, नवरदेव कुठंय?" तात्यांनी विचारलं.

"घरी," पुंजाराम म्हणाला. "ओट्यावरून सारखा हात करत होता. मीपण केला."