साडूचा रांजण

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला सगळे होते. सगळे होते म्हटले की हत्ती, घोडे, जामदारखाना, हे तुम्ही धरूनच चाला. मला ते मोजत बसवू नका. राजाचे नाव उग्रशेखर, राणीचे नाव मंदारवती. आणि एवढे सगळे असून राजाच्या पोटात एक दुखणे होते, ज्याला राजवैद्याकडे औषध नव्हते. ते दुखणे म्हणजे त्याचा साडू.

साडू म्हणजे राणीच्या धाकट्या बहिणीचा नवरा, शेजारच्या राज्याचा राजा सोमदत्त. राज्य टीचभर, हत्ती एकच आणि तोही म्हातारा, मुकुटावरचा माणिक कधीच पडून गेलेला. हेवा करावा असे त्याच्याजवळ काही नव्हते. पण त्याच्या हातचे सातूचे मद्य! त्याचे नाव निघाले की उग्रशेखराच्या अंगाची लाही होई.

आता त्या मुलखाची रीत सांगतो. तिथे मद्य विकत मिळत नसे. घरोघरी रांजण असे आणि ज्याचे त्याने आपल्या हाताने करायचे, मग तो राजा असो की गुराखी. सातू भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून जाडसर भरडायचे, उकळायचे, निवले की रांजणात ओतून खमीर घालायचे आणि वर फडके बांधून वाट बघायची. सुगी आटोपली की नदीकाठी मेळा भरे. आपले मद्य दुसऱ्याला द्यायचे, दुसऱ्याचे आपण घ्यायचे. चाखल्यावर रांजणासमोर जे वाटेल ते खरे बोलायचे. आणि रांजण रिकामा परत द्यायचा नाही. त्याच्या तळाशी आपल्या मद्याचा साका घालून द्यायचा. साका म्हणजे तळाला बसलेले खमीर. घेणारा तो आपल्या पुढच्या मद्यात घाली, आणि असे एकाचे खमीर दुसऱ्याच्या घरात आजोबा-पणजोबांपासून फिरत आले होते.

मेळ्यात उग्रशेखराचे मद्य लोक पीत आणि म्हणत, छान आहे महाराज. सोमदत्ताचे पीत तेव्हा काही म्हणतच नसत. डोळे मिटत आणि पेला पुन्हा पुढे करत. हे बघून राजाला काय होई ते ज्याचे त्याला ठाऊक. बरे, बाहेरच्यांचे एक वेळ सोडा. राजाची स्वतःची राणी मंदारवती, तिच्या दालनात पडद्याआड सोमदत्ताचा रांजण असे. तिन्हीसांजेला ती एक पेला घेई आणि खिडकीशी बसून आपल्याशीच हसे. राजाने हे दाराच्या फटीतून पाहिले होते. विचारले नाही, बोलला नाही. पाहिले आणि गिळले.

त्या वर्षी मेळ्यात दोघे साडू समोरासमोर बसले. सोमदत्ताने उग्रशेखराचे मद्य चाखले, जरा थांबला आणि म्हणाला, “राजे, घाई झाली. आणखी मुरू दिले असते तर उत्तम होते.”

सरळ मनाने बोलला हो तो, आणि रीतीप्रमाणे खरेच बोलला. पण उग्रशेखराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सोमदत्ताचा पेला उचलला, घोट घेतला. आणि काय सांगू, असे मद्य त्याने जन्मात चाखले नव्हते. जीभ धन्य झाली आणि मन काळेठिक्कर पडले. सगळा मेळा कान देऊन होता.

“आंबट आहे,” राजा म्हणाला.

रांजणासमोर कुणी खोटे बोलल्याचे त्या मुलखात आजवर घडले नव्हते. लोक एकमेकांकडे बघू लागले. सोमदत्ताने स्वतःचा पेला हुंगून पाहिला आणि खाली मान घालून उठला.

एवढ्यावर समाधान व्हावे ना? पण नाही. घोडा घराकडे वळवायचा तो राजाने ओसाड मिठागराकडे वळवला. तिथे कंकाळ नावाचा मांत्रिक राही. राजा पोचला तेव्हा कंकाळ झोपला होता आणि त्याची सावली वेगळी बसून मीठ चाळत होती. राजाला बघून सावलीने मांत्रिकाला हलवून उठवले. राजाने आपले गाऱ्हाणे सांगितले. साडूच्या रांजणातले खमीर मारून टाक, म्हणाला.

“फक्त त्याच्याच रांजणातले?” कंकाळाने विचारले.

राजाला वाटले, सोमदत्त शेजाऱ्याकडून साका मागून आणील आणि पुढच्या वर्षी पुन्हा छाती काढून बसेल. हेव्याने माणूस किती दूरवरचा विचार करतो बघा.

“त्याच्या रांजणातले, आणि त्या खमिराचा अंश जिथे जिथे गेला असेल तिथले,” राजा म्हणाला. “मुळासकट जाऊ दे.”

कंकाळ हसला. मोल काय, असे राजाने विचारले, तर म्हणाला, शाप फुकट असतो, महाग पडतो तो उतारा. मग त्याने कुंडात मूठभर मीठ टाकले आणि पुन्हा झोपला.

राजा घरी आला तो थेट आपल्या मद्यशाळेत. बघतो तर त्याचे स्वतःचे सगळे रांजण निपचित. फेस नाही, बुडबुडा नाही, वास नाही. कपाळाला हात लावून तो मटकन खाली बसला. अरे, ज्या साक्यावर तू आजवर मद्य केलेस तो मेळ्यातून आला होता, सोमदत्ताच्या आजोबाचा तुझ्या आजोबाला, तुझ्या बापाचा त्याच्या बापाला. मुलखातल्या पोरालाही हे माहीत होते. राजालाही होते, पण शाप मागताना आठवेल कशाला?

पुढे झाले ते त्याहून वाईट. खमिराचा अंश रांजणातच होता थोडाच? ज्यांनी ज्यांनी ते मद्य प्यायले त्यांच्या अंगात तो होता. दोन्ही राज्यांतली मोठी माणसे एका दमात निवली. मेली नाहीत, उठत, जेवत, चालत. पण हसणे नाही, रडणे नाही, भांडण नाही. शेजारणी नळीतून पाणी गळावे तशा एका सुरात बोलत. लहान मुले तेवढी जशीच्या तशी होती; ती चिखलात लोळली, चुलीवरचा गूळ चोरला, तरी कुणी रागावेना, तेव्हा तीच घाबरून रडू लागली.

राजा धावत राणीच्या दालनात गेला. मंदारवती खिडकीशी बसली होती. त्याने हाक मारली. तिने मान वळवली आणि खांबाकडे बघावे तसे त्याच्याकडे बघितले. आपण राजे आहात, ती म्हणाली, या, बसा. तिच्या डोळ्यांत ना ओळख, ना राग. साडूच्या मद्यावर चोरून हसणारी राणी परवडली होती, असे राजाला पहिल्यांदा वाटले.

राणीच्या खिडकीत साळुंकी असे. ती पूर्वीपासून बोलत असे, त्यात नवल नाही. पाखरू मद्य पीत नाही, म्हणून ती धडधाकट होती. राजाने तिला विचारले, सगळे निवले, मग मी कसा जागा?

“राजा, तुझ्या पोटात हेवा फसफसतो आहे,” साळुंकी म्हणाली. “दोन्ही राज्यांत आंबणारे तेवढेच उरले. राणी हवी असेल तर उलट्या डोंगरावरचे सातू आण, आरशाच्या तळ्याचे पाणी आण, मग तिसरे सांगते.”

राजा एकटा निघाला. उलटा डोंगर आभाळाला पायथ्याने चिकटलेला आणि शिखर खाली लोंबत असलेला होता. तो उतरत उतरत वर चढला. माथ्यावर सातूचे शेत होते. बांधावर एक राक्षस विळे वाटत बसला होता. त्याने एकच अट सांगितली, ज्या ओळीत शिरशील तिथलेच काप. राजा एका ओळीत शिरला. कापू लागला तर शेजारच्या ओळीतली कणसे जास्त भरलेली दिसली. ओलांडून तिकडे गेला, तो हातातल्या पेंढीचा कोंडा झाला. तिथून तिसरी ओळ आणखी भरदार दिसली. दिवसभर राजा ओळी ओलांडत राहिला आणि त्याच्यामागे कोंड्याचा ढीग वाढत राहिला. राक्षसाने जांभई दिली. शेवटी राजाने उपरणे डोळ्यांवर बांधले आणि हाताला येईल ते कापले. डोळे उघडले तेव्हा झोळी भरली होती.

तिथून तो आरशाच्या तळ्यावर गेला. त्या तळ्यात बघणाऱ्याचे तोंड दिसत नसे, ज्याचा हेवा वाटतो त्याचे दिसे. आणि त्याच्यावरून नजर हटली की पाणी आटे. राजाने घागर टेकवली, तर आत सोमदत्त दिसला, शापाच्या आधीचा. आपल्या मद्यशाळेत रांजणाला कान लावून बसला होता. फडके सोडले, थेंबभर चाखले, मान हलवली आणि फडके पुन्हा बांधले. राजाने वैतागून दगड मारला. तळे कोरडे झाले, घागर तळाशी खणकली. पाणी परत येईपर्यंत राजा चडफडत बसला. पुन्हा बघतो तर तेच. कान लावतो आहे, चाखतो आहे, बांधतो आहे. या वेळी राजा दातओठ खात का होईना, शेवटपर्यंत बघत राहिला आणि घागर आपोआप भरली. आता राजा शहाणा झाला असे समजू नका. त्याला आणखी एका गोष्टीचा हेवा वाटू लागला, की या माणसाला इतके थांबता येते कसे!

साळुंकी वाटेतच भेटली. तिसरे ऐकून राजाचे तोंड उतरले. सोमदत्ताच्या घरी जायचे, त्याच्याच रांजणात हे सातू आणि हे पाणी शिजवून ओतायचे, आणि खमीर म्हणून पोटातले खरे त्यात बोलायचे, तेही सोमदत्ताच्या समोर.

राजा गेला. सोमदत्त दारात खांबाला टेकून बसला होता, गालावर माशी बसली तरी उडवत नव्हता. राजाने सातूला मोड आणले, वाळवले, भरडले, उकळले, निवू दिले. मदतीला चाकर नव्हते, हात पोळले. मग रांजण ओढत आणून साडूच्या समोर ठेवला आणि त्याच्या तोंडाशी वाकला.

“तुमचेही मद्य बरे होते,” राजा म्हणाला. रांजण गप्प.

“आंबट म्हणालो ते खोटे.” तळातून एक बुडबुडा आला आणि फुटून गेला.

“तसे मी आजवर चाखले नाही. मला तसे येत नाही.” पृष्ठभागावर पांढरी कड धरली, पण वर चढेना. राजाने इकडेतिकडे बघितले. जे कुणाला सांगायचे नाही म्हणून गिळले होते ते घशाशी आले होते.

“माझी राणी माझ्या घरात बसून तुमचे मद्य पिते आणि हसते,” तो म्हणाला. “माझ्यामुळे ती तशी कधी हसली नाही. ते मला सोसत नाही. म्हणून मी तुमचा सत्यानाश मागितला.” आणि एवढा मोठा राजा रांजणाच्या काठावर कपाळ टेकून रडला.

फेस उसळून फडक्याबाहेर आला. राजाने पहिला पेला सोमदत्ताच्या ओठांना लावला. सोमदत्ताच्या गालावर रंग आला. त्याने आधी माशी उडवली, मग साडूकडे बघितले, आणि कानफटात ठेवून दिली. मग त्यालाच उठवून शेजारी बसवले. त्या रांजणाचा साका मडक्या-मडक्यांतून दोन्ही राज्यांत गेला, घरोघरी मद्य फसफसले, ज्याने प्यायले तो जागा झाला, आणि गूळ चोरणाऱ्या पोरांना एकदाचे धपाटे मिळाले. मिठागरात कंकाळाचे कुंड तडकले आणि त्याची सावली त्याला सोडून गेली.

त्याच मद्याचा एक रांजण घेऊन राजा राणीकडे आला. घोटभर पोटात जाताच मंदारवतीने डोळे मिटले, उघडले आणि त्याला ओळखले. राजाने काही लपवले नाही. दाराच्या फटीपासून मिठागरापर्यंत सगळे सांगितले. राणीचा चेहरा रागाने लाल झाला, आणि तो राग बघून राजाला किती बरे वाटले म्हणून सांगू.

“मी तिकडचे का पिते, हे कधी तरी विचारायचे होते,” राणी म्हणाली. “माझी बहीण आठवणीने पाठवते म्हणून. आपले मद्य तयार होण्याआधीच आपण गाड्या जुंपता आणि सगळे रांजण मेळ्याला नेता. इतक्या वर्षांत आपल्या हातचा एक थेंब मला मिळाला नाही, महाराज. आज पहिला.”

कसे झाले आहे, हे विचारायला राजाने तोंड उघडले आणि मिटले. राणीने पेला संपवला आणि तो रांजण आपल्या दालनात ठेवून घेतला.

तर असा तो शाप गेला, माणसे माणसांत आली, रागावणारे रागावू लागले आणि हसणारे हसू लागले. राजाचा हेवा गेला का, असे विचाराल, तर छे! साडूचे नाव निघाले की अजून त्याच्या कपाळाची शीर उडते. पण पुढल्या सुगीला मेळ्याला निघताना राजाने गाड्या भरल्या, तेव्हा सगळ्यांत चांगला मुरलेला रांजण त्यात नव्हता.